बारा अक्षरांचं अंतर

१ मार्च, रविवार

सात महिने या वहीकडे फिरकले नाही, त्याबद्दल दिलगिरी. ती कुणापाशी व्यक्त करतेय कोण जाणे. वही काही वाट बघत बसलेली नसते. शेवटची नोंद ऑगस्टमधली आहे : ‘अक्कलदाढ काढली. वाटलं होतं तेवढं दुखलं नाही.’ त्यानंतर लिहावंसं काही वाटलं नाही, एवढंच खरं.

आज बसले ते शुक्रवारी प्रयोगशाळेत जे दिसलं त्यामुळे. ते कुणाला सांगायची मला परवानगी नाही आणि मनात ठेवून राहवत नाही.

आधी काम काय आहे ते नीट लिहिते, म्हणजे पुढे मीच मला फसवायला नको. यकृताच्या विषाणूची लागण झालेल्या साठ रुग्णांचं रक्त खालच्या दवाखान्यातून आमच्याकडे वर आलं आहे. नावं नाहीत, फक्त नंबर, वय आणि स्त्री की पुरुष. प्रत्येकाच्या रक्तातल्या विषाणूच्या एका जीनचा नऊशे अक्षरांचा (ए, सी, जी आणि टी, एवढीच चार अक्षरं) तुकडा मी वाचते, सगळ्या ओळी एकाखाली एक लावते आणि कुठे अक्षर वेगळं पडतं ते मोजते. दोन अनोळखी रुग्णांमध्ये साठ-सत्तर अक्षरांचा फरक निघतो. फरक फारच कमी निघाला, तर विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे गेला असं समजायचं.

तुलनेसाठी काही जुने सिक्वेन्सही, म्हणजे आधी वाचलेल्या अशाच ओळी, सोबत ठेवावे लागतात. माझ्या फाइलमध्ये पाच आहेत. चार सगळीकडे वापरतात ते. पाचवा माझ्या भावाचा.

शुक्रवारी सदतीस नंबरची ओळ त्या पाचव्या ओळीला जाऊन चिकटली. नऊशे अक्षरांत फरक फक्त बारा.

माझा भाऊ कुठे आहे, हे मला चौदा वर्षं माहीत नाही.

२ मार्च, सोमवार

पहिली शंका स्वतःवर घ्यायची, हा आमच्या धंद्याचा नियम. भावाच्या रक्ताची जुनी ट्यूब त्याच फ्रीझरमध्ये, खालच्या खणात आहे. माझ्याच हातून तिचा अंश सदतीसमध्ये गेला नसेल कशावरून? रक्त आलं की त्यातलं थोडं आम्ही दुसऱ्या ट्यूबमध्ये काढून ठेवतो; सदतीसची ती न उघडलेली ट्यूब आज काढली. पलीकडच्या खोलीत, नव्या पिपेटनं, नव्या रसायनांनी सगळं पहिल्यापासून लावलं. निकाल बुधवारी.

तोवर जुनं लिहून टाकते. या वहीत ते मी कधी लिहिलेलं नाही, हे आज मागची पानं चाळताना लक्षात आलं.

नोकरीत नवी होते. मशीन शिकताना एका निरोगी माणसाचं रक्त हवं होतं. बोका समोर बसला होता. (घरात त्याला सगळे बोकाच म्हणायचो. दुधावरची साय त्याच्या तावडीतून कधी सुटली नाही.) बाही सरसावून म्हणाला, “निरोगी माणूस पाहिजे? मग तायडे, तुला घराबाहेर जायची गरजच नाही.”

त्या निरोगी रक्तात विषाणू निघाला. लहानपणी अपघातानंतर त्याला रक्त चढवलं होतं, तेव्हाचा असावा. त्या काळात यावर धड औषध नव्हतं. आणि दोन महिन्यांवर त्याचं लग्न होतं.

“तिला सांग,” मी म्हटलं.

“सांगतो. मला थोडा वेळ दे.”

मी आठ दिवस दिले. नवव्या दिवशी मीच मुलीच्या वडिलांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मला पाणी दिलं, दारापर्यंत सोडायला आले. संध्याकाळी लग्न मोडल्याचा निरोप आला. बोका भांडलासुद्धा नाही. बॅग भरताना एवढंच म्हणाला, “तू खोटं बोलली असतीस ना, तर मी माफ केलं असतं.”

मुलीला कळायला हवं होतं, हे मला आजही वाटतं. पण ते सांगायचं काम माझं होतं का, हे अजून ठरत नाही.

३ मार्च, मंगळवार

महिन्याचा पहिला मंगळवार, त्यामुळे आई गुडघ्याच्या डॉक्टरकडे. दोन बस बदलून जाते, दिवेलागणीला परतते. “मी रजा टाकते, सोबत येते,” असं दर महिन्याला म्हणते आणि दर महिन्याला तेच उत्तर मिळतं.

“तू आलीस की डॉक्टर माझ्याशी बोलायचं सोडून तुझ्याशीच बोलत बसेल. गुडघा माझा आहे.”

डॉक्टर चांगला असावा. आई येते तेव्हा दमलेली असते, पण खुशीत असते. गुडघ्यात मात्र मला काडीचा फरक दिसत नाही.

४ मार्च, बुधवार

पुन्हा बारा. तीच बारा, त्याच जागी.

ट्यूबमधला अंश मिसळला असता तर फरक शून्य यायला हवा होता. फ्रीझरमधला विषाणू बदलत नाही. जिवंत माणसाच्या अंगातला बदलतो. या तुकड्यात वर्षाला साधारण एक अक्षर. चौदा वर्षं, बारा अक्षरं.

इमारतीच्या मागच्या जिन्यात जाऊन बसले. सफाईच्या मावशी बादली घेऊन वर येत होत्या. म्हणाल्या, “बरं नाही का ताई?” मी म्हटलं, “बरं आहे.” त्या म्हणाल्या, “मग उठा, मला तीच पायरी पुसायचीय.” उठले.

५ मार्च, गुरुवार

सदतीस : स्त्री, वय पस्तीस.

म्हणजे तो नव्हे. यादीत हे पहिल्या दिवसापासून लिहिलेलं होतं आणि मी बघायचं टाळत होते. कबूल करते.

मग त्याच्यातला विषाणू तिच्यात गेला असणार, किंवा दोघांच्या मधल्या कुणाकडून. सुई, वस्तरा, जखम, कशानंही. कधी? तेरा वर्षांपूर्वी गेला असेल तर या सगळ्यातून त्याच्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही. तो तेव्हाच कुठेतरी मरून गेला असेल आणि वर्षं तिच्या अंगात मोजली गेली असतील.

हे वाक्य मुद्दाम लिहिलं. न लिहिता पुढे जाणं बरोबर नव्हतं.

११ मार्च, बुधवार

सहा दिवस फक्त सदतीसवर घालवले. बाकीचे एकोणसाठ वाट बघतायत. त्यांचंही कुणीतरी असेलच.

पण केलं ते उपयोगाचं निघालं. एका रुग्णात एकच विषाणू नसतो, त्याचा जमाव असतो. एकमेकांपासून थोडे थोडे वेगळे हजारो. लागण जुनी असेल तर जमावात रंगीबेरंगी गर्दी होते. नवी असेल तर सगळे जुळ्यांसारखे दिसतात, कारण येताना मूठभरच आलेले असतात. सदतीसच्या जमावातले तीस सुटे करून वाचले. जवळजवळ सगळे एकसारखे. तिला लागण होऊन वर्ष झालं असेल, फार तर दीड.

मग त्याआधीची बारा-तेरा वर्षं हा विषाणू कुठे होता? कुणाच्यातरी अंगात, जिवंत अंगात. ते अंग गेल्या वर्षापर्यंत तरी चालत-बोलत होतं. त्याला सर्दी होत होती, ते कुठल्यातरी बसची वाट बघत होतं.

पाचशे बाराव्या जागी सगळ्यांचा ‘सी’ असतो. बोक्याचा ‘टी’ आहे. सदतीसचाही ‘टी’ आहे. तो एक टी मी आज किती वेळा पाहिला, ते लिहीत नाही.

१२ मार्च, गुरुवार

नंबर आणि नावं जुळवणारी यादी आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमच्या कपाटात असते. किल्ली त्यांच्या टेबलावरच्या पेनांच्या डब्यात. हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी तिकडे बघत नाही, त्याचंच नाव शिस्त.

आज मॅडम दुपारी बैठकीला गेल्या होत्या. मी किल्ली घेतली. कपाट उघडलं. हिरवी फाइल वरच्याच फळीवर होती, बाहेर काढली, हातात धरली. कव्हर उलटलं की नाव आणि पत्ता. नंतर दोन बस, नाहीतर तीन.

त्या घराचं दार वाजवून मी काय म्हणणार होते? ‘तुमच्या रक्तात माझा भाऊ सापडला’? आणि त्या बाईला आपल्या माणसाचं आधीचं काही माहीत नसलं तर? पुन्हा एकदा मीच, कुणीही न बोलावता, कुणाच्यातरी दारात खरं सांगायला उभी.

फाइल ठेवली. कपाटाला कुलूप लावलं. किल्ली डब्यात टाकली आणि मॅडम परत येईपर्यंत त्यांच्याच खोलीत बसून राहिले. बाहेर गेले असते तर परत आत आले असते.

त्यांना सगळं सांगितलं. फाइल हातात घेतली होती तेही.

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “माझ्या निवृत्तीला सात महिने राहिलेत. तेवढे तरी मला सुखानं काढू द्यायचे होतेस.”

“चुकलं.”

“कव्हर उलटलंस?”

“नाही.”

“मग अजून काही चुकलेलं नाही.” चष्मा परत लावून म्हणाल्या, “पण तुझ्या भावाचं रक्त या कामात वापरायला त्याची लेखी परवानगी कुठे आहे?”

नाही. तेव्हा सरावापुरतं घेतलं होतं. नंतर मी ते फाइलमध्ये ठेवून दिलं, कारण नवा अभ्यास सुरू झाला की त्याची ओळही सोबत येत असे. आणखी काही कारण नव्हतं. शास्त्रीय कारण तर मुळीच नव्हतं.

“काढून टाक,” मॅडम म्हणाल्या. “ओळ पण, ट्यूब पण. आणि सदतीसच्या घरच्यांना तपासणीला बोलवा म्हणून दवाखान्याला पत्र लिही. लागण नवी आहे, घरात कुणीतरी जुना रुग्ण असणार. त्याच्यासाठी तुझा भाऊ असायची गरज नाही. हे पत्र तू गेल्या बुधवारीच लिहायला हवं होतंस.”

हो. लिहायला हवं होतं. आता या आजारावर गोळ्या आहेत, तीन महिन्यांत विषाणू मुळापासून जातो. त्या घरात जो कुणी आहे त्याला ते कदाचित ठाऊक नाही. आणि मी आठ दिवस टी बघत बसले.

१३ मार्च, शुक्रवार

पत्र गेलं. चार ओळींचं. त्यात माझं असं एक अक्षर नाही, हे तीनदा तपासलं.

१६ मार्च, सोमवार

फाइलमधून पाचवी ओळ काढली. कॉम्प्युटरनं विचारलं, नक्की काढायची का. नक्की.

नंतर ट्यूब. बर्फानं पांढरी झालेली, वर माझ्या तेव्हाच्या गोल अक्षरात तारीख. हातात धरली तशी बर्फ वितळून आत लालसर काहीतरी दिसायला लागलं. नष्ट करायच्या पिशवीत टाकली, पिशवी वाफेच्या यंत्रात ठेवली, वेळ लावला, रजिस्टरमध्ये सही केली. साक्षीदार म्हणून मॅडमनी केली. चाळीस मिनिटं लागतात. त्या थांबायला हव्या होत्या असं नव्हे, पण थांबल्या. आम्ही त्यांच्या निवृत्तीनंतरच्या बेतांबद्दल बोललो. त्यांना पोहायला शिकायचं आहे.

आता माझ्याकडे त्याचं काय उरलं? दोन फोटो आणि त्याचा एक स्वेटर, तो आई कुणाला हात लावू देत नाही.

२५ मार्च, बुधवार

पत्राला उत्तर नाही. यायलाच हवं असंही नाही. बोलावलं म्हणजे लोक येतातच असं कुठे आहे?

संध्याकाळी स्वयंपाकघरात आईनं अचानक विचारलं, “तो जो तुमचा यकृताचा आजार, त्यावर आता गोळ्या निघाल्यात म्हणे. खरंच पुरता जातो का गं?”

माझ्या हातातला कप ओट्यावर आपटला. “तुला कुणी सांगितलं?”

“बसमध्ये दोघीजणी बोलत होत्या.”

“बसमधल्या बायका हल्ली बऱ्याच शिकलेल्या दिसतात.”

“उत्तर दे ना. जातो का?”

“शंभरातल्या पंच्याण्णवांचा तरी जातो.”

“खूप वर्षं जुना असला तरी?”

“तरी.”

आई गॅसकडे तोंड करून उभी राहिली. मग म्हणाली, “आणि लहान मुलाला होतो का, बापाकडून?”

“सहसा नाही. तपासून घेतलेलं बरं.” मी हसून म्हटलं, “आई, तुला परीक्षेला बसायचंय का?”

ती हसली नाही. पदरानं डोळे पुसून म्हणाली, कांदा फार तिखट आहे. कांदा अजून टोपलीतच होता.

तिला काय वाटत असेल ते मला समजतं. हे औषध चौदा वर्षांपूर्वी असतं तर, असं. मी तिला सांगू शकले असते की तुझा मुलगा निदान गेल्या वर्षापर्यंत तरी होता. शब्द अगदी जिभेवर आले होते. पण ती माहिती सदतीसच्या रक्तातली आहे, माझी नाही. म्हणून गप्प बसले. स्वतःच्या आईसमोर एवढी मोठी गोष्ट दडवून तिच्या हातचा चहा प्यायले. तिनं काही दडवलं असतं तर मला लगेच कळलं असतं. तिला माझ्याबद्दल कळत नाही, याचंच वाईट वाटतं.

२ एप्रिल, गुरुवार

बाकीचे एकोणसाठ पुरे केले. कुठला विषाणू कुणाच्या जवळचा ते दाखवणारं झाड तयार झालं. तीन मोठ्या फांद्या, म्हणजे विषाणू गावात निदान तीनदा वेगवेगळ्या वाटांनी आला. मॅडम खूश. सदतीस आपल्या फांदीवर एकटी, शेजारी कुणी नाही. अहवालात लिहिलं : ‘या नमुन्याच्या जवळचा दुसरा नमुना उपलब्ध नाही.’ वाक्य अचूक आहे. लिहिताना अर्धा तास गेला.

एक विचार परवापासून येतो, तो लिहून ठेवते. तो माणूस बोका असला आणि तपासणीला आला, तर गोळ्या घेईल. तीन महिन्यांत त्याच्या अंगातली ती ओळ संपेल. मग तो कुठल्याही शहरात, कुठल्याही रांगेत उभा राहिला तरी मला सापडायचा नाही. तो बरा होणं आणि तो मला कायमचा दिसेनासा होणं, दोन्ही एकच.

मला त्यातलं काय हवंय, असं स्वतःला विचारलं. उत्तर द्यायला लागलेला वेळ मला आवडला नाही. पण उत्तर बरोबर आलं.

७ एप्रिल, मंगळवार

आई आज गुडघ्याच्या डॉक्टरकडे गेली नाही. त्यानं या महिन्यात गुरुवारी बोलावलंय म्हणे. घरात नुसत्या येरझारा घालत होती. इतकं चालणाऱ्या बाईला गुडघ्याचा डॉक्टर कशाला लागतो, असं म्हटलं तर चिडली.

९ एप्रिल, गुरुवार

आजचं सगळं क्रमानं लिहिते.

साडेअकराला दवाखान्यातल्या सिस्टर स्वतः वर आल्या. एरवी ट्यूब आणायला मी खाली जाते. “म्हटलं, आज आपणच जिने चढावेत, वजन तरी उतरेल,” म्हणाल्या आणि खोका टेबलावर ठेवला. आत तीन ट्यूब. दोन ट्यूबवर एकसष्ट, तिसरीवर बासष्ट. “तुमच्या त्या सदतीसच्या घरचे आले होते. एकसष्ट तिचा नवरा, बासष्ट मुलगी. चार वर्षांची आहे, पण सुई टोचली तर हूं की चूं नाही. बापच दुसरीकडे तोंड करून उभा. एक आजीबाई पण होत्या सोबत, पण त्या बाहेरच बसल्या फाटकाजवळ. किती बोलावलं तरी आत येईनात.”

त्या मुलीला आजी आहे हे ऐकून बरं वाटलं. आईकडची असणार.

“एकसष्टच्या दोन का?” मी विचारलं. “एकच लागते.”

सिस्टर खुर्ची ओढून बसल्या. “तीच तर गंमत. फॉर्म भरताना तो माणूस विचारतो, वर रक्त तपासणारी बाई कोण आहे? मी म्हटलं, नाव सांगायची परवानगी नाही. तर म्हणे, नाव नको. उंच आहे का, आणि एक गोष्ट तीनदा विचारते का, एवढंच सांगा. मला हसू आवरेना हो. काय करू, सांगा!”

मी खोका जवळ ओढला.

“माझं हसणं बघितलं आणि गप्प झाला. मला वाटलं, आता उठून जातो की काय. बराच वेळ बसला. मग दुसरा हात पुढे केला. म्हणाला, आणखी एक ट्यूब भरा. तिला दोनदा लावल्याशिवाय चैन पडायचं नाही.”

ट्यूबवरचे नंबर वाचले. खोक्यातल्या कागदाशी जुळवले. ट्यूब कोमट होत्या अजून, कारण सिस्टरनी त्या बर्फात न ठेवता तशाच आणल्या होत्या; हे चुकीचं आहे, पण आज त्यांना काही म्हटलं नाही. परवानगीच्या कागदावर सगळ्या चौकटींत खुणा होत्या. खालच्या सहीवर सिस्टरनी नियमाप्रमाणे पट्टी चिकटवली होती. पट्टी सोडून बाहेर शेवटच्या अक्षराचा शेपटा तेवढा आला होता, लांब, वर उडालेला. तो कितीतरी वेळ बघत राहिले. मग कागद पालथा ठेवला.

मॅडमना जाऊन सांगितलं की एकसष्ट मी तपासणं योग्य नाही.

“हे मशीन आणखी कुणाला येतं इथे?”

“कुणाला नाही.”

“मग तू लाव. मोजणी मी करते. आणि रडायचं असेल तर आज रड, उद्या हात थरथरता कामा नये.”

आज नाही रडले. खिडकीशी गेले होते. फाटकाजवळच्या बाकावर कुणी नव्हतं. ते कधीच गेले असणार.

घरी आले तर आई माझ्या आधीच आलेली. गुडघ्याचं विचारलं. “आज खूप बरं आहे,” म्हणाली आणि दिवा न लावता बराच वेळ माझा हात हातात घेऊन बसली. मी तिला सांगितलं नाही. तीही काही बोलली नाही.

उद्या : एकसष्टचा सिक्वेन्स. दोनदा.